मूळ पुसायचं, घर राखायचं

शनिवारी सकाळी संगणक बंद पडला तेव्हा मी त्याच्या आसपासही नव्हतो, असं मी सुरुवातीला सांगून पाहिलं. ते कोणी मानलं नाही. माझं बोट बटणावर होतं आणि ते बायकोने, आईने आणि खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

झालं होतं एवढंच, की पडद्यावर एक सूचना आली. नवी आवृत्ती तयार आहे, आता घ्यायची का? आमच्या घरात मला इतक्या अदबीने सहसा कोणी काही विचारत नाही. मी लगेच 'हो' म्हटलं. मग एक पट्टी उगवली, ती निळ्या रंगाने भरत गेली, अर्ध्याच्या बरीच पुढे गेली आणि थबकली. मी चहा घेतला. पट्टी तिथेच. मी दाढी केली. पट्टी तिथेच. एवढ्यात डॉक्टर आले. ते निवृत्त आहेत आणि रोज सकाळी आमचं वर्तमानपत्र आमच्याआधी वाचायला नेतात. त्यांनी मान वाकडी करून, एक डोळा बारीक करून पट्टीकडे बघितलं. ते कशाकडेही असंच बघतात. समोर कोणीतरी तोंड वासून बसलंय असं आपल्याला वाटत राहतं.

"अडकलंय," ते म्हणाले. "बंद करून चालू करा. आम्ही नाही का माणसाला भूल देऊन उठवत?"

"अहो, थांबा जरा," ही आतून म्हणाली. "आतल्या आत काहीतरी चाललं असेल त्याचं."

आता एकीकडे बायको आणि दुसरीकडे डॉक्टर. एवढ्या मोठ्या माणसाचा, तोही पाहुणा असताना, शब्द कसा मोडायचा? मी बटण दाबून धरलं.

परत चालू केल्यावर पडदा काळा झाला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत बरंच काही लिहून आलं आणि शेवटी एक बारीक रेघ लुकलुकत राहिली.

"अरे, हे डोळा मारतंय तुला," आई म्हणाली.

डॉक्टरांनी वर्तमानपत्राची घडी बगलेत मारली. "दुखणं मुळाशी आहे," असं निदान करून ते जिना उतरले.

इथे थोडं सांगायला हवं. आमच्या संगणकात लिनक्स आहे. संगणक ज्याच्या जिवावर चालतो त्या यंत्रणेचा हा एक प्रकार. तो फुकट मिळतो आणि जाणकार सांगतात की तो कधी बंद पडत नाही. जाणकार म्हणजे माझा मेहुणा. हिचा धाकटा भाऊ. त्यानेच तो बसवून दिला होता आणि तेव्हापासून मी पाणीपुरवठा कार्यालयातल्या आमच्या बिल विभागात 'आम्ही लिनक्सवाले' अशी सुरुवात करून बोलायला लागलो होतो. एकदा तर जेवणाच्या सुट्टीत मी त्यावर छोटंसं भाषण दिलं. ऐकणाऱ्यांपैकी एकाने मला 'घरी कोण बघतं ते?' असं विचारलं आणि मी 'मीच' म्हणालो.

संगणक एक आणि त्यावर संसार तिघांचा. त्यात माझा वाटा सगळ्यांत कमी. ही एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी तयार करते. उभे शब्द, आडवे शब्द, मधले काळे चौकोन, सगळं ती त्या संगणकावर मांडते. लिहिताना संगणक जे शब्द चुकीचे समजून खाली लाल रेघ ओढतो, ते 'हा शब्द बरोबर आहे' असं सांगून सांगून तिने त्याला वर्षानुवर्षं मराठी शिकवलेली आहे. अडकित्ता, वेंधळा, झटापट, लगालगा... तिच्या शिकवणीत कसूर नाही. शिवाय ती डावरी असल्यामुळे माउसची बटणं उलटी करून घेतलेली आहेत आणि डोळ्यांना बरं म्हणून मागचा पडदा हळदीच्या रंगाचा. आई त्याच संगणकावर पत्त्यांचा डाव खेळते. किती डाव जिंकले, किती हरले, हे संगणक स्वतः मोजून ठेवतो आणि आई ते आकडे नातेवाइकांना फोनवर कळवते.

आणि नेमकं त्या साप्ताहिकाच्या वर्धापनदिनाच्या अंकासाठी हिने पानभर पसरलेलं महाकोडं रचलं होतं. ते सोमवारी द्यायचं होतं.

ही बाहेर आली, तिने चष्मा काढून पदराने पुसला. काळ्या पडद्याकडे बघितलं.

"माझं कोडं आत आहे ना?"

"आतच आहे. बाहेर कुठे जाईल?"

"आणि माझे शब्द?"

"तेही."

"आणि तुम्हाला हे कसं माहीत?"

 मी मेहुण्याला फोन लावला.

मेहुणा लांब राहतो आणि हसत हसत बोलतो. कोणाचं काही बिघडलं की त्याला विशेष प्रसन्न वाटतं. "भावोजी," तो म्हणाला, "काही घाबरू नका. तुमच्या डिस्कचे मी मुद्दाम दोन भाग करून ठेवलेत. एक मूळ आणि एक घर. मुळात यंत्रणा असते, घरात तुमचं सामान. फायली, कोडी, आवडीनिवडी, सगळं घरात. आपण मूळ पुसायचं, नवीन बसवायचं आणि घराला हातही लावायचा नाही. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच. फक्त एका पेनड्राइव्हवर लिनक्सची नवी प्रत उतरवून घ्या. दुसरा कुठलाही संगणक चालेल."

दुसरा कुठलाही संगणक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आमचं ऑफिस आलं. शनिवारी अर्धा दिवस असतं. आणि मी पेनड्राइव्ह खिशात टाकून निघालो.

आमच्या ऑफिसात संगणक भरपूर आहेत, पण पेनड्राइव्ह खुपसायच्या प्रत्येक भोकावर कागदी पट्टी चिकटवलेली आहे आणि पट्टीवर संगणक विभागाच्या प्रमुखांची सही आहे. पट्टी फाडणं म्हणजे सही फाडणं. मी सरळ त्यांच्या काचेच्या खोलीत गेलो.

"काम खाजगी की कार्यालयीन?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"तसं खाजगीच."

"मग प्रश्नच मिटला."

"म्हणजे परवानगी आहे?"

"म्हणजे प्रश्न मिटला."

मी जरा थांबलो. "आणि कार्यालयीन म्हटलं तर?"

"तर खरेदी विभागामार्फत यावं लागेल. तीन दरपत्रकं जोडून."

"पण साहेब, लिनक्स फुकट असतं."

आता त्यांनी चष्मा काढला. फुकट हा शब्द त्या खोलीत पूर्वी कोणी उच्चारला नसावा. बराच विचार करून ते म्हणाले, "मग तिन्ही दरपत्रकं फुकटची आणा. त्यातलं जे सर्वांत कमी असेल ते आपण मंजूर करू."

"फुकटपेक्षा कमी कसं असणार?"

"ते आल्यावर बघू ना! आधीच कशाला गृहीत धरायचं?"

मी बाहेर आलो तोवर बातमी बिल विभागात पोचली होती. 'लिनक्सवाल्यांचं बंद पडलं' हे वाक्य तीन टेबलांवरून ऐकू आलं. एकजण म्हणाला नवाच घ्या. दुसरा म्हणाला पंख्याखाली ठेवा. ज्याने मागे 'घरी कोण बघतं ते?' विचारलं होतं, त्याने नुसतं मला पाणी आणून दिलं. ते पाणी मला फार लागलं.

दुपारी मी नाइलाजाने डॉक्टरांचं दार वाजवलं. त्यांच्याकडे संगणक आहे आणि तो त्यांच्या जुन्या दवाखान्याच्या खोलीत आहे. दवाखाना बंद झाला तरी त्यांनी खोली मोडलेली नाही. त्यामुळे संगणकासमोर बसायला एकच आसन होतं. दातांची खुर्ची.

"बसा, बसा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सवयीने डोक्यावरचा दिवा लावला.

मी बसलो म्हणजे आडवा झालो. की-बोर्ड पोटावर घेतला. डॉक्टर माझ्या उजव्या हाताला उभे राहिले आणि मी पडद्याकडे बघतोय म्हटल्यावर ते माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी काही बोलायला ओठ उघडले की ते किंचित वाकत. "वरची शेवटची दाढ केव्हा दाखवली होती?" त्यांनी विचारलं. मी तोंड मिटून काम करायचं ठरवलं.

प्रत डाउनलोड झाली. आता ती पेनड्राइव्हवर उतरवायची. प्रोग्रामने विचारलं, कुठल्या पेनड्राइव्हवर? यादीत दोन होते. एक माझा आणि एक डॉक्टरांचा. तो संगणकाच्या पाठीमागे कायमचा खोचलेला असे. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. मी नीट वाचून माझ्यावर बाण नेला, आणि नेमकं त्याच क्षणी डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला खाली वाटतंय का?" आणि त्यांनी पायाने खुर्चीची कळ दाबली. खुर्ची घुर्र करत वर गेली. माझ्याबरोबर माझा हात वर गेला, हाताबरोबर बाण एक ओळ वर गेला आणि बोट खाली आलं.

'यातलं सगळं पुसलं जाईल. चालेल?' असं संगणकाने विचारलं. मी 'चालेल' म्हटलं. दोन्ही पेनड्राइव्ह दिसायला सारखे असतील तर माणसाने आणखी काय म्हणायचं?

डॉक्टरांच्या त्या पेनड्राइव्हमध्ये त्यांचं व्याख्यान होतं. 'दात: जन्माचे सोबती'. चित्रांसहित. हे व्याख्यान आमच्या इमारतीत कोणी ऐकलं नाही असं नाही. वार्षिक सभेत ऐकलं, गच्चीच्या गळतीसाठी बोलावलेल्या बैठकीत ऐकलं, कोणाची मुलगी पास झाली म्हणून पेढे द्यायला गेलेल्यांनी ऐकलं. किडलेल्या दाढेचं एक चित्र त्यात भिंतभर मोठं यायचं.

डॉक्टरांनी एक डोळा बारीक करून पडद्याकडे बघितलं. डोक्यावरचा दिवा मात्र माझ्या तोंडावर जळत होता आणि मला खुर्चीतून उतरता येत नव्हतं, कारण ती वर होती.

"दुसरी प्रत असेल ना?" मी विचारलं.

"दुसरा दात असतो का?" ते म्हणाले.

माझ्या पेनड्राइव्हमध्ये पाणीपट्टीच्या एका जुन्या पावतीचा फोटो होता. तो सुखरूप राहिला. डॉक्टरांनी लिनक्स उतरलेला त्यांचा पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला आणि माझा पेनड्राइव्ह स्वतःच्या खिशात टाकला. "हा राहू दे माझ्याकडे," ते एवढंच म्हणाले. मला खुर्ची उतरवून दिली ती त्यांच्या बायकोने.

जिना चढताना वरच्या मजल्यावरचे कवायत मास्तर समोरून आले. भिंतीला कान असतात की काय कोण जाणे, त्यांना सगळं कळलेलं होतं. त्यांनी इकडेतिकडे बघून माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि दाबला. "शेजारी असावा तर असा," ते पुटपुटले. मला ओशाळायला झालं. थोडं बरंही वाटलं, पण ते मी हिला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही सगळे संगणकासमोर जमलो. मी खुर्चीवर, ही माझ्या मागे, आई पलंगाच्या कडेवर आणि मेहुणा टेबलावर, म्हणजे फोनमध्ये. पेनड्राइव्ह खोचून संगणक चालू केला तर पडदा उजळला. नवं लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालत होतं. अजून आत काही बसवलेलं नव्हतं.

"आता घरात डोकावून बघा," मेहुणा म्हणाला.

मी घर उघडलं. सगळे फोल्डर रांगेने उभे होते. हिने माझ्या खांद्यावरून हात घालून महाकोडं उघडलं. चौकोनांचं ते भलंमोठं जाळं जसंच्या तसं समोर आलं आणि तिने सोडलेला श्वास माझ्या मानेला लागला.

"आणि माझे शब्द?"

"ताई, आवडीनिवडी सगळ्या लपलेल्या असतात," मेहुणा म्हणाला. "ज्याच्या नावाआधी टिंब, तो फोल्डर दिसत नाही. भावोजी, लपलेलं दाखवा म्हणा त्याला."

मी म्हटलं, आणि पडद्यावर एकदम फोल्डरांची झुंबड उडाली. सगळे टिंबवाले.

"अगं बाई," आई म्हणाली, "एवढी मंडळी घरात होती आणि चहाला कधी एकजणही बाहेर आला नाही!"

"भावोजी, आता आधी या सगळ्याची एक प्रत बाहेर काढून ठेवा. मग पुढे जाऊ."

मी हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं. प्रत काढायला जो पेनड्राइव्ह हवा, तो खाली डॉक्टरांच्या खिशात होता. मी खाली गेलो. डॉक्टरांच्या बायकोने दार किलकिलं केलं. "ते व्याख्यान आठवून आठवून लिहितायत," ती कुजबुजली, "आत्ता दुधाच्या दातांशी आलेत. आत्ता नको." मी परत वर आलो. इंटरनेटवरून कोडं कुठे पाठवावं तर पेनड्राइव्हवरच्या त्या नव्या यंत्रणेला आमचं वायफाय ओळखीचं वाटेना.

"काय झालं, काढली का प्रत?" फोनमधून आवाज आला.

"पुढे जाऊ या," मी म्हणालो. "घराला हात लावायचाच नाही म्हटल्यावर प्रत कशाला?"

"बघा हं, भावोजी," मेहुणा न हसता म्हणाला. 

मग त्या सगळ्या प्रकारातला सगळ्यांत अवघड पडदा आला. डिस्कचे भाग एकाखाली एक, आणि प्रत्येकासमोर एक लहान चौकट. चौकटीत बरोबरची खूण केली की तो भाग पुसला जाणार. मुळासमोर खूण हवी, घरासमोर नको.

"भावोजी, नीट बघून सांगा. घराची चौकट रिकामी आहे ना?"

आई उठली, पुढच्या खोलीत गेली आणि तिथून ओरडली, "रिकामी आहे! चौकटीत कोणी नाही, फक्त चपला आहेत!"

"मूळ कुठलं?" ही विचारत होती. "हे वरचं? आणि घर खालचं? वाचून दाखवा. बोट ठेवून वाचा." मी बोट ठेवून वाचलं. तिने वाचलं. आई परत आली आणि चष्मा शोधून तिनेही वाचलं. लग्नाची पत्रिकासुद्धा आमच्याकडे एवढ्या वेळा तपासली गेली नव्हती. शेवटी हिने माझ्या हातातला माउस काढून घेतला, पुन्हा एकदा बघितलं आणि पुढे जायचं बटण स्वतः दाबलं.

"झालं!" मेहुणा म्हणाला. "आता काही उरलं नाही भावोजी. नावगाव विचारेल, ते भरा. मला जरा बाहेर जायचंय." आणि त्याने फोन ठेवला.

नाव विचारलं. आता हे नाव म्हणजे संगणकात शिरताना समोर दिसतं ते. मेहुण्याने पहिल्यांदा सगळं बसवलं तेव्हा त्याने तिथे स्वतःच्या डोक्याने 'भावोजी' असं टाकून दिलं होतं. त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. तो मला दुसरं काही म्हणत नाही. पण मी माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी बसायचो आणि माझाच संगणक मला रोज 'या, भावोजी' म्हणायचा. जगातल्या एका माणसाचा मी भावोजी आहे. बाकी जगासाठी मी बिल विभागातला वरिष्ठ साहाय्यक आहे, घरचा कर्ता आहे, माझी म्हणून काही पत आहे. ही आणि आई चहा करायला आत गेल्या होत्या. मी हळूच टाइप केलं: 'साहेब'.

काम मुकाट्याने पार पडलं. पेनड्राइव्ह काढा म्हणाला, काढला. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, आणि त्यावर 'साहेब' अशी अक्षरं आली. मी जरा ताठ बसलो. पासवर्ड टाकला. आत निळाशार, स्वच्छ पडदा. माउसची बटणं जगात सगळ्यांची असतात तशी. वायफायनेसुद्धा या खेपेला ओळख दाखवली. मी दोघींना हाका मारल्या.

ही आली आणि नुसती बघत राहिली.

"माझी हळद कुठे गेली?"

"रंग काय, बदलता येतो."

तिने उजव्या बाजूचा माउस डावीकडे ओढला. बटण दाबलं. भलतंच काहीतरी उघडलं. तिने ते मिटलं, आमचं घर उघडलं. आत फोल्डर होते, पण एकातही काही नव्हतं. चित्रं नाहीत. कोडी नाहीत. मी 'लपलेलं दाखव' म्हटलं. दोनचार टिंबवाले नवखे चेहरे पुढे आले, ओळखीचा एकही नाही. आईने मधेच घुसून तिचा पत्त्यांचा खेळ उघडला. जिंकलेले डाव: शून्य. ती तिथल्या तिथे एक डाव खेळली आणि हरली.

"बघ," ती म्हणाली. "पत्तेसुद्धा परके वाटतायत."

मी हिच्याकडे बघायचं टाळत होतो. ती ओरडली असती तर चाललं असतं. मी उलट ओरडलो असतो, दोघांनाही बरं वाटलं असतं. तिने मात्र कपाटातून चौकटींचे कागद काढले, पेन्सिलला टोक केलं, जेवणाच्या टेबलाशी बसली आणि आठवून आठवून एकेक काळा चौकोन भरायला लागली. पहिली ओळ झरझर झाली. दुसऱ्या ओळीत ती थांबली, तिने खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. खोडरबराचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. पानभर कोडं. कितीतरी आठवडे जमवलेले शब्द, एकात एक अडकवलेले. एक हलला की सगळे हलणार. आणि मी तिला सांगितलं होतं, बाहेर कुठे जाईल!

मेहुणा फोन उचलत नव्हता. दार वाजलं. डॉक्टर होते, हातात कागद घेऊन. त्यांना 'सुळे' या विषयावर एक वाक्य वाचून दाखवायचं होतं. घरातली शांतता बघून त्यांनी पडद्याकडे एक डोळा बारीक केला.

"मूळ काढलंत ना? मग पोकळी राहणारच थोडी," ते म्हणाले. मी दार लावून घेतलं. ते बाहेर होते की आत, हेसुद्धा मी आधी बघितलं नाही. आत होते. त्यांनी खुर्ची घेतली.

एवढ्यात मेहुण्याचा फोन आला. हिने ऐकावं म्हणून मी तो मोठ्या आवाजावर ठेवला. सगळं सांगितलं. घर गेलं, शब्द गेले, आईचे डाव गेले.

"असं होणारच नाही," तो म्हणाला. "चौकट रिकामी होती ना? ताईने बघितली होती ना? मग... भावोजी, नाव काय टाकलंत तुम्ही?"

मी खाकरलो.

"भावोजी?"

"साहेब," मी म्हणालो.

"अहो, मला साहेब काय म्हणताय? नाव काय टाकलंत ते सांगा."

"तेच सांगतोय. 'साहेब' टाकलं."

  डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. मग जेवणाच्या टेबलाकडून एक चमत्कारिक आवाज आला. आधी मला वाटलं ही रडायला लागली. ती कागदांवर डोकं टेकवून हसत होती. पेन्सिल हातातून गळून पडली, खोडरबर घरंगळत पलंगाखाली गेलं, तरी ती हसतच होती.

"भावोजी," मेहुण्याला शेवटी बोलता आलं, "तुमचं घर जिथल्या तिथे आहे. पण तुम्ही साहेब म्हणून आत आलात. त्या बिचाऱ्याला वाटलं कोणीतरी नवीन माणूस आलाय. त्याने तुम्हाला वेगळी, रिकामी खोली काढून दिली. शेजारीच भावोजींची खोली आहे, सामानासकट. तुम्ही पहिल्यापासून सगळं परत बसवा आणि नाव आधीचं टाका. बस."

पहिल्यापासून सगळं परत बसवलं. पुन्हा मूळ, पुन्हा घर, पुन्हा बोट ठेवून वाचन. या खेपेला चौकटी तपासायला डॉक्टरही होते आणि त्यांनी घराची चौकट रिकामी असल्याचं दोनदा मोठ्याने जाहीर केलं. नाव विचारलं तेव्हा सगळे माझ्या बोटांकडे बघत होते. मी एकेक अक्षर टाइप केलं. भा. वो. जी. शेवटचं अक्षर पडताच आईने मान डोलावली.

संगणक परत उठला आणि पडदा हळदीच्या रंगाचा झाला. बटणं उलटी होती. हिने माउस डावीकडे घेतला तो सरळ तिच्या हाताशी बोलायला लागला. कोडं उघडलं. तिने एका चौकोनात 'वेंधळा' लिहून बघितलं. खाली लाल रेघ आली नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ओळखतो हो हा." कोणाला, ते तिने सांगितलं नाही.

आईचे सगळे डाव परत आले होते. मघाशी हरलेला डाव तेवढा त्यात नव्हता.

"तो साहेबांच्या खोलीत राहिला," आई म्हणाली. "राहू दे तिकडेच."

महाकोडं सोमवारी वेळेत गेलं. संपादकांनी फोन करून हिची तारीफ केली आणि पुढच्या वर्षीही असंच पानभर हवं म्हणाले. ऑफिसात 'झालं का चालू?' असं विचारणाऱ्यांना मी 'नाव चुकलं होतं' एवढंच सांगितलं. ते सगळ्यांना पटलं, कारण आमच्या खात्यात बहुतेक सगळ्या गोष्टींचं कारण तेच असतं.

डॉक्टरांचं व्याख्यान मात्र माझ्याकडूनच पुरं व्हायचं होतं. ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो. आठवून लिहिताना त्यांना पूर्वी न आठवलेलं बरंच आठवलं. हिरड्यांवर तर स्वतंत्र प्रकरण झालं. गच्चीवर पहिलं वाचन झालं तेव्हा किडलेल्या दाढेची चित्रं तीन होती. कवायत मास्तर आता जिन्यात समोरून आले तर भिंतीवरचे मीटर वाचायला लागतात.

मग एका रविवारी मेहुण्याचा फोन आला. "भावोजी, तुमच्या मनाला लागलेलं दिसतंय म्हणून सांगतो. आतलं नाव बदलायचं नाही, पण पडद्यावर दिसायला तुम्ही काहीही लिहू शकता. साहेब लिहा, महाराज लिहा. घराला धक्का लागत नाही." आणि ते कसं करायचं ते त्याने हिला समजावून सांगितलं. मला नाही.

ही बसली, डाव्या हाताने माउस सरकवत. "किती अक्षरं बसतील हो?" तिने विचारलं. मी मोठेपणाने म्हणालो, "तुला आवडेल ते लिही." मला वाटलं, ती निदान 'साहेब' लिहील. बायकोने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या 'साहेब'ची गोष्टच वेगळी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणक चालू केला. हळदीच्या रंगावर ठसठशीत अक्षरं आली: 'आधी मला विचारा'.

मी पासवर्ड टाकायला हात पुढे केला. मग मागे घेतला. स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो, "अगं, ऐकलंस का..."

"नाही," आतून उत्तर आलं. मी अजून काही विचारलंच नव्हतं.